दुरुस्तीला काढलेल्या मोटारीचं कव्हर आणि सुट्या भागांची पेटी: वापरून पाहिल्यावर

आधी निकाल सांगते. कव्हरला पाचपैकी चार, पेटीला पाचपैकी तीन. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत. मात्र दोन्हींच्या वेष्टनावर एक गोष्ट कुठेच छापलेली नसते. घराच्या आवारात उघड्यावर काय ठेवायचं आणि कुठे ठेवायचं हे शहराचे नियम ठरवतात, आणि कव्हर चढवलं म्हणून नियम पाळला असं आपोआप होत नाही. त्यामुळे या वस्तूंबद्दल लिहिताना नियमांबद्दल लिहिणं मला भागच आहे.

बाबांची जुनी मोटार मी आणि माझा भाऊ मिळून पुन्हा चालती करतोय. इंजिन उतरवलेलं आहे, पुढची सीट काढलेली आहे, डाव्या मडगार्डचा सडलेला पत्रा कापून नवा जोडायचाय. घरात मोटारीएवढी बंदिस्त जागा नाही, म्हणून ती घराच्या बाजूला, सिमेंटच्या पट्टीवर उभी आहे. तिचे सुटे भाग, डबे, जॅक, लाकडी ठोकळे हे सगळं पेटीत. बाबा आता गाडी चालवत नाहीत, पण रोज सकाळी विचारतात, "आतून पत्र्याला हात लावून बघितलास का गं?" कव्हरची खरी परीक्षा त्या एका प्रश्नात आहे. पाऊस बाहेर अडला की नाही हे दुरूनही दिसतं. ओल आत अडकली की नाही हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

कव्हर घेण्याआधी मी पालिकेच्या खिडकीवर गेले आणि तिथल्या बाईंना सरळ विचारलं, "आमची गाडी काम संपेपर्यंत चालणार नाही. ती बाहेर उभी करता येईल का?" त्यांनी मला उलट चार प्रश्न विचारले. गाडीची नोंदणी चालू आहे का? ती मातीवर उभी आहे की पक्क्या जमिनीवर? रस्त्यावरून दिसते का? आणि किती दिवस? जगातल्या बहुतेक शहरांचे नियम याच चार प्रश्नांभोवती फिरतात. पक्की जमीन का, तर ऑइल आणि कूलंट मातीत मुरू नये म्हणून. रस्त्यावरून दिसण्याचा प्रश्न शेजाऱ्यांसाठी. दिवसांचा प्रश्न यासाठी, की 'दुरुस्ती चालू आहे' म्हणत वर्षानुवर्षं सडत पडलेल्या गाड्याही असतात.

मग मी विचारलं, "आणि कव्हर घातलं तर?" त्या म्हणाल्या, "ताई, कव्हर घाला, गाडीसाठी चांगलंच आहे. पण आडोसा म्हणून आम्ही ते धरत नाही. आरपार दिसणार नाही असं कुंपण हवं." हे उत्तर सगळीकडे एकच नसतं. काही ठिकाणी गाडीच्या मापाचं शिवलेलं कव्हर चालतं आणि ताडपत्री चालत नाही. काही ठिकाणी कुठलंच कव्हर चालत नाही, भिंत किंवा कुंपणच लागतं. तुमच्या शहराचं उत्तर लेखी घ्या आणि त्यानंतरच पैसे कव्हरवर घालायचे की कुंपणावर ते ठरवा. आम्ही आधी कुंपण केलं.

ताडपत्री मात्र कुठल्याही शहरात राहत असलात तरी घेऊ नका. साध्या पॉलिथिनच्या ताडपत्रीतून पाणी आत जात नाही, तशी वाफ बाहेरही येत नाही. दिवसा जमीन तापते, जमिनीतली ओल वर चढते, ताडपत्रीखाली साठते. रात्री गार झालं की तीच ओल थेंब होऊन टपावर आणि दारांच्या कडांवर बसते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडाला गंज झपाट्यानं धरतो, आणि बंद ताडपत्रीखाली ती त्याच्या कितीतरी वर असते. रंग शाबूत असलेल्या गाडीला हे काही काळ सोसतं. आमच्यासारखी, जागोजागी रंग खरवडून पत्रा उघडा केलेली गाडी असेल तर अजिबात सोसत नाही.

मी घेतलेलं कव्हर तीन थरांचं आहे. वरचा आणि खालचा थर न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा, मधे अतिसूक्ष्म छिद्रांची पातळ फिल्म. या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, पण वाफ निघून जाते. कागदावर हे सगळ्याच कंपन्या लिहितात, म्हणून मी पावसाच्या दिवसांत रोज सकाळी कव्हरखाली हात घालून पाहत गेले. टप कोरडा. बॉनेट कोरडं. दारांच्या खालच्या कडा बहुतेक वेळा कोरड्या, सतत झड लागली की थोड्या दमट, पण ऊन पडलं की दुपारपर्यंत सुकलेल्या. उघड्या पत्र्यावर आम्ही प्रायमर मारून ठेवला होता, त्याच्या कडेनं कुठेही तांबूस रेघ आली नाही. चार गुण आहेत ते मुख्यतः यासाठी.

पाचवा गुण शिवणीमुळे गेला. आरशांसाठी दोन्ही बाजूंना खोलगट खिसे शिवलेले आहेत आणि त्यांच्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नाही. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. डाव्या आरशाखालून दारावर ओघळ आला तेव्हा कापडातला दोष वाटला होता, पण कव्हर उलटं करून उन्हात धरलं की शिवणीतली भोकं चमकताना दिसतात. तंबूच्या शिवणीला लावायचं सीलर आतून फिरवलं आणि ओघळ थांबला. ज्या वस्तूवर 'जलरोधक' असं ठसठशीत छापलंय तिच्यावर हे काम गिऱ्हाइकाला करावं लागू नये. तुम्ही दुकानात बघून घेणार असाल तर कव्हर आतून उलटवून फक्त शिवणी बघा. पट्टी असेल तरच घ्या.

ड्रायव्हरच्या बाजूला झिप आहे. घेताना मला ती वायफळ वाटत होती, आता तिच्याशिवाय कव्हर घेऊच नये असं वाटतं. डॅशबोर्डची वायरिंग करताना पूर्ण कव्हर न काढता दार उघडता येतं. एकटीला चढवता-उतरवता येतं हेही महत्त्वाचं. पुढची-मागची बाजू ओळखायला आतल्या शिवणीवर रंगीत फीत आहे. किरकोळ वाटेल, पण अंधारात आणि वाऱ्यात त्या फितीचे आभार मानाल.

वाऱ्याबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं. कव्हरखालचा रंग पावसानं तेवढा खराब होत नाही जेवढा फडफडीनं होतो. गाडीवर धुळीचा थर असेल आणि वरून कापड सतत हलत असेल तर तो पॉलिश पेपरच आहे. म्हणून गाडी धुवून, पूर्ण सुकवूनच कव्हर चढवायचं आणि पोटाखालून पट्टा आवळायचा. या कव्हरला दोन पट्टे आहेत, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे. खालची इलॅस्टिकची कड पक्की बसते. पट्ट्यांची बकलं प्लॅस्टिकची आहेत, पण रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून तीच बरी. वादळी वाऱ्यात पट्टे थोडे सैलावले, कव्हर जागचं हललं नाही.

ऊन हा या कापडाचा शत्रू आहे. पॉलिप्रॉपिलीन अतिनील किरणांनी ठिसूळ होत जातं, आणि कंपनीनं मिसळलेलं संरक्षक रसायन संपत आलं की कापडावरून भुरभुर पीठ पडायला लागतं. आमच्या कव्हरच्या टपावरच्या भागाचा रंग फिका झालाय, पीठ अजून नाही. कडक उन्हात कायम उभी राहणारी गाडी असेल तर सूत काढतानाच रंग मिसळलेल्या अ‍ॅक्रिलिकचं कव्हर जास्त टिकतं. ते महाग आहे आणि मुसळधार पावसात तितकं घट्ट नाही. आमच्याकडे गाडीवर दुपारनंतर सावली येते, म्हणून मी तीन थरांचं निवडलं.

आता पाणी साचण्याबद्दल, कारण शेजाऱ्यांची खरी तक्रार इथूनच सुरू होते आणि ती रास्त असते. आमच्या मोटारीच्या बॉनेटवर, वायपरच्या आधी जो खळगा आहे, तिथे कव्हरला झोळ पडतो आणि त्यात ओंजळभर पाणी राहतं. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ उबदार हवेत सात ते दहा दिवसांत होते आणि तिला ओंजळभर पाणी पुरतं. मी तिथे आतून फोमचा तुकडा ठेवलाय, त्यामुळे उतार होतो आणि पाणी वाहून जातं. त्याहून घातक म्हणजे बाहेर टाकलेले जुने टायर. टायर कसाही ठेवला तरी त्याच्या पोटात पाणी राहतं आणि ते ओतून सहज निघत नाही. एडिस अल्बोपिक्टस ही आशियातली डासांची जात १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला ठाण मांडून बसलेली आढळली, ती आशियातून आलेल्या वापरलेल्या टायरांतून पोहोचली होती. शेजारच्या आजींनी पहिल्यांदा आमच्या गाडीकडे बोट दाखवलं ते टायरांकडेच. "बाळा, गाडी राहू दे, पण ते टायर आत घे." आम्ही त्याच दिवशी घेतले. बऱ्याच शहरांच्या नियमांत टायर, बॅटऱ्या, भंगार आणि घरातलं फर्निचर यांची नावं घेऊन उघड्यावर मनाई असते. त्यामागे अंगण नीटनेटकं दिसावं एवढंच कारण नाही.

म्हणून पेटी. पॉलिप्रॉपिलीनच्या फळ्यांची, जुळवून उभी करायची, वर उघडणारं झाकण. जुळवणी सोपी आहे, फक्त तळाच्या फळ्या खाचेत बसवताना दोघं लागतात. झाकणाला दोन गॅसचे दट्टे आहेत, त्यामुळे ते हातावर पडत नाही. कुलपासाठी कडी आहे. पाऊस वरून येत नाही. पण झाकण आणि मागच्या फळीच्या मधल्या बिजागरीच्या फटीतून वाऱ्याबरोबर तुषार आत जातात आणि तळाशी ओल धरते. कार्ब्युरेटर, स्टार्टर, ब्रेकचे सिलिंडर असं काही ठेवायचं असेल तर आत दुसरा बंद डबा हवाच. तळ मधोमध वाकतो. गिअरबॉक्स ठेवायची असेल तर खाली लाकडी फळी टाका. कुदळ-फावडं, गाद्या, बागेचा पाइप यासाठी ती उत्तम आहे. लोखंडासाठी जेमतेम. पाचपैकी तीन म्हणाले ते त्यामुळे.

पेटीत पेट्रोलचा कॅन ठेवू नका. बंद पेटीत वाफ साठते. जवसाच्या तेलानं भिजलेल्या चिंध्याही नकोत, त्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

पेटी पुरली नाही म्हणून लोक शेडकडे वळतात, तेव्हा नियम पुन्हा आडवे येतात. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय बांधता येणारी शेड घराच्या दर्शनी भिंतीच्या पुढे चालत नाही, आणि हद्दीपासून २ मीटरच्या आत असेल तर तिची उंची २.५ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नमुना संहितेत २०० चौरस फुटांपर्यंतच्या एकमजली सुट्या शेडला बांधकाम परवाना लागत नाही, पण स्थानिक शहर यापेक्षा कडक असू शकतं, आणि परवाना लागत नाही म्हणजे कुठेही उभारा असा अर्थ होत नाही. हलवता येणारी पेटी या सगळ्यातून बहुतेक वेळा सुटते. तिचा तो मोठा गुण आहे आणि मी तीन गुण देताना तो धरलाय.

गाडी स्वतःच्या आवारात उभी करणं आणि रस्त्यावर उभी करणं यांत कायदा फार फरक करतो, आणि कव्हर विकत घेणाऱ्या पुष्कळांना तो फरक माहीत नसतो. कॅलिफोर्नियात स्थानिक नियम असेल तिथे रस्त्यावर एकाच जागी ७२ तासांपेक्षा जास्त उभी राहिलेली गाडी उचलता येते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त बेवारस सोडलेली गाडी हटवता येते. जपाननं १९६२ मध्येच कायदा केला: मोटार घ्यायची तर ती ठेवायला घराजवळ, आजच्या नियमाप्रमाणे २ किलोमीटरच्या आत, जागा आहे हे दाखवावं लागतं, आणि रस्ता ही गाडी ठेवायची जागा मानलीच जात नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून गाडी रस्त्यावर आणत नसाल तर तसं सरकारला कळवायचं असतं, मग कर भरावा लागत नाही, पण गाडी खासगी जागेतच राहिली पाहिजे. रस्त्यावर कव्हर घालून ठेवलेली गाडी तर उलट लक्ष वेधते. हे कव्हर रस्त्यावरच्या गाडीसाठी घेऊ नका.

खासगी आवारातही सूट मर्यादित असते. टेक्सासच्या कायद्यात नोंदणीची मुदत संपलेली गाडी मोडतोड झालेली असेल किंवा खासगी जागेवर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली असेल तर तिला भंगार ठरवून हटवता येतं. पण त्याच कायद्यात जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी वाट ठेवलीय. गाडी आणि तिची जागा नीट राखलेली असावी, आरोग्याला धोका नसावा, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेआड असावी. आडोसा म्हणून कुंपण, झुडपं, इतकंच काय, भराभर वाढणारी झाडंसुद्धा चालतील असं त्यात लिहिलंय. मला हे फार आवडलं. शेजाऱ्यांचा हक्कही राखला गेला आणि गाडी दुरुस्त करणाऱ्यालाही श्वास घ्यायला जागा मिळाली. कॅलिफोर्नियाचा कायदा याउलट वाचवत नाही. तिथे शहरानं उपद्रव म्हणून हटवलेली गाडी पुन्हा कधीच चालती करता येत नाही, जुन्या गाड्यांना मिळणाऱ्या ऐतिहासिक नंबरपाटीला पात्र असेल तेवढीच सुटते. हटवण्याआधी किमान १० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीचं पाकीट न उघडता बाजूला टाकणाऱ्यानं हे वाक्य पुन्हा वाचावं. दंड भरून गाडी परत मिळेल अशी आशा तिथे नाही.

माझं मत स्पष्ट आहे. वडिलांची गाडी वाचवणं ही माझी इच्छा आहे, आणि तिचा त्रास न होणं हा शेजाऱ्यांचा हक्क आहे. शहरांनी दुरुस्तीला ठरावीक मुदत द्यावी, मुदतीत काय झालं ते दाखवायला सांगावं, आणि काम होत असेल तर मुदत वाढवावी. पालिकेतल्या त्या बाईंनी नेमकं हेच केलं. कामाचे फोटो मागितले, कुंपण बघितलं, मुदत लिहून दिली. एवढ्यावर दोन्ही बाजूंचं भागतं. बहुतेक शहरांत तपासनीस स्वतःहून फिरत नाहीत, तक्रार आली की येतात. म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगणं हे कुठल्याही कव्हरपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

कव्हर काय करू शकत नाही तेही लिहिते, कारण 'चालती गाडी' ही अट ज्यांना पाळायची आहे त्यांना याची गरज पडेल. शिशाची बॅटरी उभ्या गाडीत आपोआप दर महिन्याला तीन ते पाच टक्के उतरते. पूर्ण भरलेली असताना ती साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली बराच काळ राहिली की पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि मग ती पूर्ण भरत नाही. काढून घरात चार्जरवर ठेवा. पेट्रोल काही महिन्यांत खराब होऊ लागतं, इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते ओलही खेचतं. हँडब्रेक ओढून ठेवलात तर लायनर ड्रमला चिकटू शकतात, त्यापेक्षा चाकांना ठोकळे लावा. टायर एकाच जागी दबून चपटे होतात, अधूनमधून गाडी हातभर पुढेमागे ढकला. आमची स्टँडवर आहे, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

माप घेताना गाडीच्या कागदपत्रावरची लांबी धरू नका. बंपरच्या टोकापासून टोकापर्यंत फीत लावा, आरसे उघडे ठेवून रुंदी घ्या, टपावर एरियल किंवा कॅरिअर असेल तर तो काढणार की ठेवणार हे आधी ठरवा. गाडी स्टँडवर उचललेली असेल तर कव्हरची खालची कड जमिनीपासून वर राहते आणि खालून वाऱ्याला वाट मिळते. अशा गाडीला एक माप मोठं घ्या आणि पट्टे जास्तीचे मागवा. कंपनी ते सुटे देते, मी मागवले तेव्हा बकलासकट आले.